रोमन सम्राटांचे रक्षक, म्हणजे प्रीटोरियन गार्ड: सारखे येणारे प्रश्न आणि उत्तरं

प्रीटोरियन गार्डबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेक जण "हेच ना ते, आपल्याच सम्राटाला मारणारे" इथूनच सुरुवात करतात. ते खोटं नाही, पण तेवढंच धरून बसलं तर तीनशेपेक्षा जास्त वर्षं ही माणसं रोज काय करत होती ते बाजूलाच राहतं. मला स्वतःला त्यांचं रोजचं कामच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पहारा आणि थाटमाट अशी दोन वेगळी खाती तिथे नव्हतीच, सम्राटाशेजारी उभं राहणं हेच दोन्ही होतं. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, नंबर दिलेत, तिकडे बघा.

१. प्रीटोरियन गार्ड म्हणजे नक्की कोण? हे नाव कुठून आलं?

रोमन सैन्याच्या छावणीत सेनापतीची जी राहुटी असायची तिला प्रीटोरियम म्हणायचे. तिच्याभोवती पहारा देणारी तुकडी ती प्रीटोरियन. प्रजासत्ताकाच्या काळात अशा तुकड्या मोहिमेपुरत्या असायच्या, मोहीम संपली की विषय संपला. पहिला सम्राट ऑगस्टसने इ.स.पूर्व २७ च्या सुमारास त्यांना कायमचं केलं, नेमका पगार, नेमकी नोकरी, आणि युद्ध नसतानाही पहारा चालूच. खरा बदल हाच, कारण आता राहुटीच्या जागी अख्खं रोम शहर आलं. "गार्ड" हा शब्द आपण आजच्या सोयीसाठी वापरतो, ते स्वतःला प्रीटोरियन कोहॉर्ट म्हणायचे, कोहॉर्ट म्हणजे तुकडी.

२. एकूण किती जण होते?

ऑगस्टसच्या वेळी ९ तुकड्या. एका तुकडीत ५०० माणसं की १०००, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. नीरोच्या काळापर्यंत तुकड्या १२ झाल्या, इ.स. ६९ च्या यादवीत व्हिटेलियसने १००० माणसांच्या एकदम १६ केल्या, व्हेस्पाझियनने परत ९ वर आणल्या, आणि पुढे १० हा आकडा बराच काळ टिकला. ऑगस्टस हुशार होता, त्याने रोम शहरात तीनच तुकड्या ठेवल्या, बाकीच्या आसपासच्या गावांत. शहरात एकदम एवढे शस्त्रधारी लोक दिसले तर लोकांना ते राज्य न वाटता ताबा वाटेल हे त्याला कळत होतं.

३. ते राहायचे कुठे? रोमला गेलो तर काही बघायला मिळेल का?

मिळेल, आणि वेळ काढून बघाच. टायबेरियसच्या काळात गार्डचा प्रमुख होता सेजानस, त्याने सगळ्या तुकड्या एका जागी आणल्या आणि इ.स. २३ पर्यंत शहराच्या ईशान्येला, वेशीबाहेर पक्की छावणी उभी केली, कास्त्रा प्रीटोरिया. पुढे इ.स. २७१ पासून ऑरेलियनने शहराभोवती तट बांधला तेव्हा छावणीच्या भिंती त्या तटातच सामावून घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. आज मेट्रोच्या बी लाइनवर कास्त्रो प्रेतोरियो नावाचं स्टेशन आहे, टर्मिनीच्या पुढचंच. बाहेर आलं की विटांची जुनी भिंत समोर दिसते, आत इटलीचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि काही भागात आजही सैन्याची बराक आहे. दोन हजार वर्षांनी त्याच जागी शिपाई राहतायत याचं मला फार अप्रूप वाटतं. टूरवाले कोलोसियम, व्हॅटिकन करून पुढे निघतात आणि ही भिंत कोणी दाखवत नाही.

४. हातात काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड घेऊन पुढे चालणारे लोक म्हणजे हेच का?

नाही, ते लिक्टर. आपल्याकडचे भालदार-चोपदार आठवा, तसंच काम, अधिकाऱ्याच्या पुढे चालायचं आणि वाट मोकळी करायची. ऑगस्टसला १२ लिक्टर होते, डोमिशियनने २४ केले. तो मानाचा भाग होता, सम्राटावर कोणी धावून आलं तर लिक्टर काही लढणार नव्हते.

५. मग सम्राटाच्या अगदी जवळ कोण असायचं? जर्मन बॉडीगार्ड पण होते असं वाचलंय.

बरोबर वाचलंय. पहिल्या सम्राटांकडे प्रीटोरियनांशिवाय एक खास जर्मन पथक होतं, ऱ्हाइन नदीकडच्या टोळ्यांतली माणसं, त्यात बटाव्हियन बरेच. ही माणसं परकी, रोममध्ये त्यांचं कोणी सगंसोयरं नाही, राजकारणाशी देणंघेणं नाही, म्हणजे फितवायला अवघड. इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात रोमचे तीन लिजन, म्हणजे मुख्य सैन्याची मोठी पथकं, कापली गेली तेव्हा ऑगस्टसने घाबरून हे पथक काही काळ बंद केलं होतं. शेवटी इ.स. ६८ मध्ये गॅल्बाने ते कायमचं मोडलं. पुढे निवडक घोडेस्वारांचं पथक तयार झालं, ट्राजनच्या काळात ते चांगलंच नावारूपाला आलं, त्यांची छावणी सीलियन टेकडीवर होती. शिवाय प्रीटोरियनांमध्येच स्पेक्युलाटोर म्हणून निवडक माणसं असायची, प्रीटोरियनांपैकी सम्राटाच्या सगळ्यात जवळची तीच. म्हणजे बाहेर तुकडी, आत निवडक माणसं आणि त्याच्याही आत परके, असे थरावर थर. एकाच थरावर भरवसा ठेवायचा नाही हा त्यातला विचार होता. प्रत्येक वेळी तो यशस्वी झाला नाही, ते १३ मध्ये.

६. त्यांचा युनिफॉर्म कसा होता? सिनेमात तर काळं चिलखत दाखवतात.

सिनेमा विसरा. शहरात, राजवाड्यात ड्युटी असेल तर ते टोगा घालायचे, म्हणजे सभ्य नागरिकाचा पोशाख, आणि तलवार त्याच्या घडीखाली. रोमन इतिहासकार टॅसिटसने अशा तुकडीला "टोगातली तुकडी" असंच म्हटलंय. मला यात रोमन मनाची फार मोठी खूण दिसते, शहराच्या पवित्र हद्दीत उघडी शस्त्रं नेऊ नयेत ही जुनी रीत होती आणि सम्राटाला आपण राजा नसून पहिला नागरिक आहोत असं दाखवायचं होतं, म्हणून रक्षकही नागरिकासारखा दिसायचा. टोगाच्या आत लोखंड आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ते दिसू द्यायचं नाही याला किंमत होती.

मोठ्या समारंभात मात्र उलट, तेव्हा पूर्ण चिलखत, तुऱ्याची शिरस्त्राणं, लंबगोल ढाली, आणि निशाणांच्या काठ्यांवर सम्राटाच्या चेहऱ्याची चकती. काही निशाणांवर विंचू कोरलेला दिसतो, तो टायबेरियसच्या जन्मराशीशी जोडला जातो. म्हणजे पोशाख हा प्रसंगाप्रमाणे बदलायचा, आणि कधी काय घातलंय यावरून आज राज्य कोणत्या मूडमध्ये आहे ते लोकांना कळायचं.

७. रोजची ड्युटी कशी चालायची?

रोज एक तुकडी राजवाड्यावर. तिचा अधिकारी ट्रिब्यून संध्याकाळी सम्राटासमोर जायचा आणि रात्रीचा परवलीचा शब्द विचारून घ्यायचा. हा शब्द सम्राटानेच स्वतःच्या तोंडाने द्यायचा. कितीही कंटाळा असो, आजारपण असो, दिवसातून एकदा सम्राट आणि पहारेकरी समोरासमोर यायचेच. मला वाटतं अख्ख्या व्यवस्थेचा जीव या एका मिनिटात होता.

त्या शब्दांतून काय काय कळतं बघा. इ.स. ५४ मध्ये १६ वर्षांचा नीरो गादीवर बसला, त्या पहिल्या दिवशी त्याने शब्द दिला "सर्वोत्तम आई". पाच वर्षांनी त्याने त्याच आईला मारवलं. अँटोनायनस पायस इ.स. १६१ मध्ये मरणाला टेकला होता, ट्रिब्यून नेहमीसारखा शब्द विचारायला आला, त्याने "समचित्तता" म्हटलं, कुशीवर वळला आणि गेला. मार्कस ऑरेलियसने इ.स. १८० मध्ये शेवटच्या आजारात ट्रिब्यूनला सांगितलं, उगवत्या सूर्याकडे जा, मी आता मावळतोय. उगवता सूर्य म्हणजे मुलगा कोमोडस. आणि कॅलिगुला मात्र या शब्दाचा वापर एका अधिकाऱ्याला रोज अपमानित करायला करायचा, त्याचं काय झालं ते १३ मध्ये.

८. सम्राटाला भेटायला जाणाऱ्यांची झडती घ्यायचे का?

सम्राटावर अवलंबून. क्लॉडियस कायम धास्तावलेला असायचा, त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची कसून झडती व्हायची, बायका आणि लहान मुलांनासुद्धा सूट नव्हती, ती त्याने पुढे मोठ्या मुश्किलीने दिली. लेखनिकांच्या बोरूच्या डब्या पण काढून घ्यायचे, कारण मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लोखंडी कांडी पोटात खुपसता येते. मेजवानीतसुद्धा त्याच्याभोवती भालेवाले उभे असायचे आणि वाढपी म्हणून सैनिकच. व्हेस्पाझियनने मात्र यादवी पुरती संपलेली नसतानाच ही झडतीची पद्धत बंद करून टाकली, आणि तो आजाराने गेला. यावरून झडती नको असा नियम मी काढत नाही, पण लोकांना सम्राट किती घाबरलाय ते दारातच कळायचं, आणि घाबरलेल्या सम्राटाच्या जवळच्या माणसांनाही भीती वाटू लागते.

९. समारंभात ते नुसते उभेच राहायचे की त्याला काही अर्थ होता?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. दोन प्रसंग सांगतो.

पहिला इ.स. ५१ च्या आसपासचा. ब्रिटनमध्ये कॅरॅटॅकस नावाच्या सरदाराने रोमनांना कित्येक वर्षं झुंजवलं होतं, शेवटी तो दगाफटक्याने पकडला गेला. क्लॉडियसने हा कार्यक्रम ठेवला प्रीटोरियन छावणीसमोरच्या मैदानात. सगळ्या तुकड्या शस्त्रांनिशी रांगेत उभ्या. आधी त्याचे आश्रित गेले, मग लुटलेले दागिने, मग त्याचे भाऊ, बायको, मुलगी, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः. बाकीच्यांनी दयेची भीक मागितली, याने मान खाली घातली नाही, सरळ बोलला, आणि क्लॉडियसने त्याला माफ केलं. शेजारी दुसऱ्या चौथऱ्यावर राणी अग्रिपिना बसली होती, सुटका झालेल्यांनी तिलाही वंदन केलं. रोमन सैन्याच्या निशाणांसमोर बाई अशी बसलेली लोकांनी कधी बघितली नव्हती. आता विचार करा, गार्ड उभा नसता तर ती माफी कशी दिसली असती? नुसता एक म्हातारा सम्राट एका कैद्याला सोडतोय. हजारो तलवारी समोर होत्या, मारणं हातात होतं, म्हणून सोडण्याला वजन आलं.

दुसरा इ.स. ६६ चा, टिरिडाटेसचा. हा पार्थियाच्या, म्हणजे आजच्या इराणकडच्या साम्राज्याच्या, राजाचा भाऊ, तडजोड अशी ठरलेली की आर्मेनियाचा मुकुट त्याने रोमला येऊन नीरोच्या हातून घ्यायचा. आधी नेपल्सला भेट झाली तेव्हा त्याला कमरेचं शस्त्र काढायला सांगितलं, तो नाही म्हणाला, मग ते म्यानात खिळे ठोकून बसवलं. मला हे फार भावतं, पाहुण्याचा मान राहिला आणि सम्राटाचा जीवही सांभाळला गेला, एका खिळ्यात दोन्ही. रोममधला दिवस ढगाळ हवेमुळे पुढे ढकलला, कारण ऊन नसेल तर चिलखतं चमकणार कशी. ठरलेल्या दिवशी पहाटेच फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, देवळांभोवती तुकड्या उभ्या राहिल्या, मधे पांढऱ्या कपड्यातले नागरिक, घरांच्या छपरांवरसुद्धा माणसं. ऊन पडलं आणि शस्त्रं-निशाणं विजेसारखी लखलखली. टिरिडाटेस दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या रांगांमधून चालत आला, खाली वाकला, आणि एवढी मोठी आरोळी उठली की तो घाबरून काही वेळ बोलूच शकला नाही. त्या दिवशी एकाही प्रीटोरियनने तलवार उपसली नाही, तरी त्यांनी आपलं काम पूर्ण केलं होतं.

१०. सम्राट मेल्यावर अंत्यविधीत गार्डचा काय सहभाग असायचा?

मोठाच. इ.स. १४ मध्ये ऑगस्टसची चिता रचली तेव्हा सैनिकांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, मिळालेली शौर्यपदकं चितेत टाकली आणि सेंच्युरियन अधिकाऱ्यांनी अग्नी दिला. या फेऱ्यांना देकुर्सिओ म्हणायचे. कॅलिगुलाची बहीण ड्रुसिला गेली तेव्हाही गार्डने अशा फेऱ्या मारल्या. प्रत्यक्ष बघायचं असेल तर अँटोनायनस पायसच्या स्तंभाचा दगडी पाया व्हॅटिकन म्युझियमच्या अंगणात ठेवलाय, त्यावर पायदळ मधे आणि घोडेस्वार भोवती गोल फिरतायत, घोड्यांचे पाय अगदी बाहेर झेपावलेले. ज्याला जिवंतपणी राखलं त्याला देव होईपर्यंत सोबत करायची, हा त्याचा अर्थ.

११. सर्कस, थिएटर, ग्लॅडिएटरचे खेळ, तिथेही असायचे का?

हो, बंदोबस्ताला एक तुकडी ठरलेली. इ.स. ५५ मध्ये नीरोने थिएटरमधली तुकडी काढून घेतली, लोक स्वतःहून शिस्तीत बसतात का ते बघायला, आणि नटांच्या चाहत्यांमध्ये एवढ्या मारामाऱ्या झाल्या की पुढच्या वर्षी सैनिक परत आणावे लागले.

पण ते कधीकधी खेळातच उतरायचे. क्लॉडियसने सर्कसमध्ये गार्डच्या घोडेस्वारांकडून आफ्रिकन जनावरांची शिकार करवली. रोमजवळच्या ओस्टियाच्या बंदरात एक प्रचंड किलर व्हेल अडकला, गॉलहून (आजचा फ्रान्स) येणारं चामड्यांचं जहाज बुडालं होतं ती चामडी खायला तो आलेला, तर क्लॉडियसने बंदराच्या तोंडाला जाळी लावली आणि प्रीटोरियन होड्यांतून भाले मारतायत असा देखावा लोकांना दाखवला, एक होडी त्या प्राण्याने उडवलेल्या पाण्याने भरून बुडाली. इ.स. ५२ मध्ये फुचिनो तलावावर १९,००० माणसांची खोटी नौदल लढाई झाली, लढणारे सगळे गुन्हेगार, तेव्हा तलावाच्या कडेने तराफे लावून त्यांवर गार्ड उभा केला, दगडफेकी यंत्रांसकट. प्रेक्षकांच्या नजरेला तो देखाव्याचा भाग, आणि आतल्या १९,००० जणांना पळून जाऊ द्यायचं नाही हे खरं काम.

१२. भरती कोणाची व्हायची, पगार किती?

पहिली दोनशे वर्षं मुख्यतः इटलीतलीच पोरं, एट्रुरिया, उंब्रिया, लॅटियम इकडची. लिजनच्या साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनार मिळायचे, प्रीटोरियनला ७५० च्या आसपास. लिजनवाल्याने २० वर्षं काढायची, याने १६. इ.स. १४ मध्ये डॅन्यूबकडच्या पॅनोनियाच्या लिजननी बंड केलं तेव्हा त्यांची एक तक्रार हीच होती, आम्ही राहुटीतून शत्रू बघतो आणि ते शहरात बसून तिप्पट घेतात. मला ती तक्रार न्याय्य वाटते.

वर इनाम वेगळं. ऑगस्टसने मृत्युपत्रात प्रत्येक प्रीटोरियनला १००० सेस्टर्स ठेवले आणि लिजनच्या सैनिकाला ३००. क्लॉडियसने गादीवर बसताना माणशी १५,००० दिले, चार सेस्टर्सचा एक दिनार धरला तर हा पाच वर्षांचा पगार झाला. तिथून पुढे नवा सम्राट आला की इनाम हा जणू हक्कच झाला.

१३. सम्राटांना मारण्याची सुरुवात कुठून झाली?

कॅलिगुलापासून, २४ जानेवारी ४१. त्याच्या गार्डमध्ये कॅसियस केरिया म्हणून वयस्कर ट्रिब्यून होता, पूर्वी लढायांमध्ये नाव काढलेला, पण आवाज बारीक. कॅलिगुला त्याला बायकी म्हणून हिणवायचा आणि परवलीचा शब्द म्हणून व्हीनस वगैरे द्यायचा, तो शब्द केरियाला आपल्या माणसांसमोर जाऊन सांगावा लागायचा आणि ते हसायचे. रोज. त्या दिवशी पॅलाटाइन टेकडीवर खेळ चालू होते, दुपारी कॅलिगुला जेवायला म्हणून एका बोळातून निघाला, आणि तिथे त्याला घेरलं. एका हकिकतीप्रमाणे केरियाने परवलीचा शब्दच विचारला, थट्टेचं उत्तर आलं आणि वार झाला. जर्मन पथक बेभान होऊन धावलं, काही निर्दोष सिनेटर कापले, पण उशीर झाला होता.

त्याच दिवशी राजवाड्यात एका सैनिकाला पडद्याखाली पाय दिसले, पडदा ओढला तर क्लॉडियस. तो आता मेलो म्हणून पायाच पडला, सैनिकाने त्याला सम्राट म्हणून हाक मारली आणि पालखीत घालून छावणीत नेलं. क्लॉडियसने पुढे नाणी पाडली, एका प्रकारावर प्रीटोरियन छावणीत त्याला घेतल्याचं चित्र, दुसऱ्यावर तो एका प्रीटोरियनशी हात मिळवतोय. लपवलं नाही त्याने.

बाकीचे थोडक्यात: गॅल्बा १५ जानेवारी ६९, पर्टिनॅक्स १९३, एलागॅबलस २२२, प्युपिएनस आणि बाल्बिनस २३८. कोमोडसच्या खुनात (१९२) आणि कॅराकॅलाच्या (२१७) गार्डच्या प्रमुखाचा हात, आणि दुसऱ्या वेळी तर प्रमुख मॅक्रिनस स्वतःच सम्राट झाला.

१४. सम्राटपदाचा खरंच लिलाव झाला का?

झाला. २८ मार्च १९३ ला दोनेकशे सैनिक राजवाड्यात घुसले. पर्टिनॅक्सने पळून न जाता समोर येऊन त्यांच्याशी बोलायचं ठरवलं, काही जणांनी तर माना खाली घालून तलवारी म्यान पण केल्या, पण एकाने वार केलाच. त्याचा खासगी सेवक एक्लेक्टस शेवटपर्यंत त्याच्यासोबत लढला आणि मेला. मग छावणीत आत पर्टिनॅक्सचा सासरा सुल्पिसियानस आणि तटाबाहेर डिडियस ज्युलियानस, दोघांनी बोली लावली. आतला माणशी २०,००० सेस्टर्सवर पोचला, बाहेरच्याने ओरडून आणि बोटांनी दाखवून २५,००० केले. तो ६६ दिवस सम्राट होता.

१५. याची शिक्षा कोणाला झाली का?

झाली, आणि ती त्यांच्या समारंभाच्या पोशाखातच झाली. सेप्टिमियस सेव्हेरस डॅन्यूबकडून सैन्य घेऊन आला. जून १९३ मध्ये त्याने निरोप धाडला की शस्त्रं छावणीत ठेवा आणि उत्सवाला येता तसे सजून शपथ घ्यायला या. ते आले. त्याच्या सैनिकांनी भोवती कडं केलं, मधे उभं करून त्यांचे पट्टे, मानाचा पोशाख आणि चांदी-सोन्याच्या नक्षीचे खंजीर काढून घेतले, आणि रोमपासून शंभर मैलांच्या आत दिसलात तर मराल असं सांगून हाकललं. पर्टिनॅक्सला प्रत्यक्ष मारणाऱ्यांना मृत्युदंड झाला.

एक गोष्ट यात मनात घर करून राहते. घोडेस्वारांना घोडे सोडून द्यायला लागले. एकाचा घोडा मालकाला सोडेना, मागे मागे येत खिंकाळत राहिला. त्या माणसाने आधी घोड्याला मारलं आणि मग स्वतःला. तो खुनात होता की नव्हता कोणी लिहिलेलं नाही.

सेव्हेरसने मग इटलीची पोरं घेणं बंद करून लिजनमधले मुरलेले सैनिक गार्डमध्ये भरले.

१६. गार्डमधलं कोणी सम्राटासाठी लढलं असं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते जास्त लोकांना माहीत व्हायला पाहिजे. गॅल्बाने गार्डला इनाम द्यायला नकार दिला होता, मी सैनिक निवडतो, विकत घेत नाही म्हणाला. त्याचा प्रतिस्पर्धी ओथो, त्याला सुरुवातीला फक्त २३ जणांनी सम्राट म्हणून उचललं, पण दुपारपर्यंत सगळं फिरलं. फोरममध्ये गॅल्बाची पालखी उलथली, सगळे पळाले, आणि सेम्प्रोनियस डेन्सस नावाचा एकच सेंच्युरियन खंजीर काढून सगळ्यांच्या आडवा उभा राहिला. त्याने गॅल्बाला वाचवायचा प्रयत्न केला असं काही लिहितात, त्याचा वारस पिसोला असं टॅसिटस लिहितो. तो तिथेच पडला. गॅल्बाने त्याच्यासाठी खास काही केलेलं नव्हतं.

गार्डचाच ट्रिब्यून सुब्रियस फ्लाव्हस हा उलटा नमुना. नीरोविरुद्धच्या इ.स. ६५ च्या कटात पकडला गेल्यावर नीरोने विचारलं, शपथ का मोडलीस? तो म्हणाला, तू प्रेमाला लायक होतास तोवर माझ्याइतका निष्ठावान कोणी नव्हता, आई आणि बायकोचा खुनी झालास, रथ हाकणारा, नट आणि आगलाव्या झालास, तेव्हापासून तुझा द्वेष करायला लागलो. पुढे ट्राजनने हेच ओळखून आपल्या गार्डच्या प्रमुखाला तलवार देताना सांगितलं, मी नीट राज्य केलं तर माझ्यासाठी वापर, नाहीतर माझ्यावर.

१७. या प्रमुखाला एवढी ताकद कशी काय मिळाली?

प्रमुख म्हणजे प्रिफेक्ट. ऑगस्टसने इ.स.पूर्व २ मध्ये पहिले दोन नेमले, दोघं अशासाठी की एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं, आणि सिनेटर घराण्यातले नकोत, खालच्या इक्वेस्ट्रियन वर्गातले. सेजानस एकटाच राहिला आणि तिथेच तोल गेला, इ.स. ३१ मध्ये टायबेरियसच्या एका पत्राने त्याला पाडलं. व्हेस्पाझियनने धोकाच नको म्हणून मुलगा टायटसलाच प्रिफेक्ट केलं. पुढे या पदाकडे न्यायदान आलं, पॅपिनियन आणि अल्पियन हे रोमन कायद्याचे दिग्गज प्रिफेक्ट होते. अल्पियनला त्याच्याच सैनिकांनी मारलं.

१८. सम्राट निवडल्यावरही गार्ड त्याच्याविरुद्ध गेला, पण त्याला मारलं नाही, असं झालंय का?

हो, इ.स. ९७. डोमिशियन सैनिकांचा लाडका होता, आदल्या वर्षी राजवाड्यातल्या लोकांनी त्याला मारलं आणि सिनेटने म्हातारा नर्व्हा निवडला. गार्डने राजवाड्याला वेढा घालून डोमिशियनचे मारेकरी मागितले. नर्व्हाने स्वतःचा गळा पुढे केला, तरी त्यांनी त्याला हात लावला नाही, हवी ती माणसं ओढून नेऊन मारली. नर्व्हाची सगळी अब्रू गेली, आणि त्याने लगेच ट्राजनला दत्तक घेतलं, ज्याच्यामागे ऱ्हाइनकडचं सैन्य होतं.

१९. ते शहराबाहेर लढायला जायचे का?

सम्राट गेला की जायचे. ट्राजनच्या डेसिया (आजचा रोमानिया) मोहिमेत होते, त्याच्या स्तंभावर त्यांची निशाणं दिसतात.

२०. नारायणराव पेशव्यांचे गारदी आणि हे एकच प्रकार का?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा कोण विसरेल. राखणदारानेच घात केला आणि पगाराची रक्कम हे निमित्त होतं एवढं साम्य आहे. पण गारदी भाडोत्री होते आणि त्या एका दिवसानंतर पुण्याची गादी त्यांच्या हातात राहिली नाही. प्रीटोरियन ही राज्याची स्वतःची कायमची संस्था होती, त्यांनी मारलं तरी पुढच्या सम्राटाच्या मागे दुसऱ्या दिवशी तेच उभे असायचे.

२१. गार्ड कधी बंद झाला? व्हॅटिकनचे स्विस गार्ड त्यांचेच वारस का?

स्विस गार्डचा काही संबंध नाही, ते १५०६ पासूनचे.

प्रीटोरियन शेवटी कॉन्स्टंटाइनचा प्रतिस्पर्धी मॅक्सेंशियसच्या बाजूने लढले. २८ ऑक्टोबर ३१२ ला मिल्व्हियन पुलापाशी बाकीचं सैन्य मोडलं तरी ते जागेवरून हलले नाहीत, उभे होते तिथेच पडले. जिंकलेल्या कॉन्स्टंटाइनने गार्ड कायमचा बरखास्त केला आणि छावणीची शहराकडची भिंत पाडली. घोडेस्वार पथकाची छावणी तर जमीनदोस्त केली, आणि त्या जागेवर लॅटरनचं मोठं चर्च उभं राहिलं, जे आजही रोमच्या बिशपचं, म्हणजे पोपचं, मुख्य चर्च आहे. त्या घोडेस्वारांची दफनभूमीही मोडली, आणि त्यांच्या नावांचे दगड तिथल्याच नव्या बांधकामात चिणले गेले. आज त्यांतली बरीचशी नावं आपण वाचू शकतो ती त्या भिंतींमुळेच.